दहीभाताचं झाकण

सोसायटीच्या सहलीत खाण्याचं काम अंगावर घेऊ नये. मी घेतलं. मे महिना, रविवार, ठाण्याजवळचं येऊरचं जंगल, बारा माणसं, आणि दहीभात माझ्याकडे.

प्रवासाचा दहीभात म्हणजे भातात दही कालवणं नव्हे. तयार दही सकाळी घातलं तर उन्हात दुपारपर्यंत दात आंबतील इतकं चढतं. म्हणून अर्धा किलो तांदूळ तिप्पट पाण्यात मऊ शिजवायचे, गरम असतानाच पळीने घोटायचे आणि हाताला कोमट लागले की लिटरभर दूध नि दोनच चमचे ताजं, गोड दही. कढत भातात घातलं तर विरजण मरतं आणि दुपारी ताटात दूधभात पडतो. सकाळी सातला विरजलेला भात प्रवासात लागत जातो, बाराला नेमका उतरतो. फोडणी गार करूनच ओतायची. काकडी तिथे पोचल्यावर चिरायची, कारण मीठ लागलं की तिला पाणी सुटतं.

हे सगळं केलं. पण तळमजल्यावरच्या काकांचा बंदोबस्त राहिला.

काका डबे तपासतात. कोणी सांगितलेलं नसतं. जकात नाक्यावरच्या माणसासारखे प्रत्येक झाकण उचलतात, डोळे मिटतात, नाक आत घालतात आणि निकाल देतात.

"आंबलाय."

"काका, दहीभात आहे तो."

"तेच म्हणतोय. दह्याचा वास येतोय."

"मग कशाचा यायला हवा?"

"आमच्याकडे नाही येत."

"काकू कसा करतात?"

"करतच नाहीत. उन्हाळ्यात दही कोण खातं!"

मग झाकण हातात धरूनच घोषणा: "दहीभात जपून हं, पोरांना नको!"

शेजारच्या सँडविचना मात्र "वा, ताजी!" असा शेरा. ओल्या खोबऱ्याची चटणी, तीही मेच्या उन्हात चार तास! खोबऱ्याऐवजी डाळवं वाटलं असतं, तर चटणी टिकलीही असती आणि तिने काकडीचं पाणीही शोषलं असतं. दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत लोणी फासलं असतं तर ब्रेडचा लगदा झाला नसता. शिवाय पोट बिघडवणाऱ्या जंतूंना बरेचदा वासच नसतो, तेव्हा नाकाने डबे पास करणं ही निव्वळ हौस. पण हे बोलायला गेलं की आपण "फार शिकलेले" ठरतो. पहाटे पाचला उठून भात घोटणाऱ्याचा शब्द पडतो आणि आयत्या वेळी नाक घेऊन येणाऱ्याचा चालतो, हे मला अजून झेपलेलं नाही.

माकडांनीही सँडविचच पळवली.

दहीभात जसा गेला तसा घरी आला. रात्री खाल्ला, उत्तम लागला होता. फक्त डबा ताटलीने झाकून आणावा लागला, कारण झाकण अजून काकांकडेच आहे. मागायला गेलं तर त्याचाही वास घेऊन काहीतरी सांगतील.