‘जुनी गाडी म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ’: ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

जुन्या गाडीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की पैसे वाचवण्याच्या नादात मी २०१२ची गाडी ठेवायचा सल्ला देतोय, १५ वर्षं झाली की ती भंगारातच जाणार आणि तिच्यात मुलांना बसवणं हा त्यांच्या जिवाशी खेळ आहे. शेवटचं वाक्य लागलं, कारण ते खरं आहे.

आधी भंगाराचं सांगतो. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षं, हा सरसकट दंडक होता तो दिल्ली परिसरातला. आपल्याकडे १५ वर्षांनी आरटीओत गाडी तपासून पासिंग करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, की आणखी ५ वर्षं मिळतात.

पैशांचं म्हणाल, तर गेल्या वर्षी क्लच प्लेट, सस्पेन्शन आणि चार टायर मिळून माझे ५८ हजार गेले. नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी काढलं, तर हप्ता १२,९००च्या आसपास, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या वर. गॅरेजच्या बिलाला घाबरून गाडी विकणं मला अजूनही पटत नाही. मला धास्ती आहे ती पत्र्याची. ठाण्याजवळ कळव्यात आमची सोसायटी खाडीजवळ, गाडी बारा महिने उघड्यावर. इंजिनाचं काम करून घेता येतं, पण खालचा पत्रा सडला की गाडी संपली. म्हणून दर दिवाळीआधी ती रॅम्पवर चढवून मी स्वतः खालून बघतो.

आता जिवाचं. माझ्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅगही नाहीत. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं २०१९मध्ये, पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२१च्या अखेरीस. गॅरेजमध्ये जाऊन या गोष्टी मागाहून बसवून मिळत नाहीत. गेल्या जुलैत घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, चाकं जॅम झाली आणि गाडी तिरकी घसरत गेली. मागे आई आणि मुलगी होती. हातभर अंतरावर थांबलो. हे लेखात सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून घरच्यांना घेऊन घोडबंदरला किंवा मुंब्रा बायपासला ही गाडी नेलेली नाही. बाजार, स्टेशन आणि विटाव्यावरून ऐरोलीचं ऑफिस, एवढंच तिचं काम. गावाला आम्ही कोकण रेल्वेनं जातो. पण ज्यांना दर आठवड्याला मुलांसह हायवेला लागावं लागतं, त्यांनी माझं ऐकू नये. विकून टाका. नवी परवडत नसेल तर २०२२ किंवा त्यानंतरची सेकंडहँड बघा. लेखात ही दुरुस्ती आजच करतोय.