पाण्यात घर बांधलं की पाणी येणारच?

आज सकाळी शेजारच्या आजीचं घर पाडलं. दहाला पोकलेन आला, बारापर्यंत विटांचा ढीग. फोटो टाकला तर पुण्याहून चुलतभावाचा मेसेज: "पाण्यात घर बांधलं की पाणी येणारच." वर हसणारा इमोजी. तेव्हापासून डोकं फिरलंय.

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाच्या बंदरातलं आमचं डेव्हिस आयलंड्स गाळ उपसून केलेलं आहे, मान्य. १९२४ साली डी. पी. डेव्हिस नावाच्या बिल्डरने पाण्याखालची जमीन नकाशावर दाखवून पहिल्याच दिवशी ३०० प्लॉट विकले, आणि दोन वर्षांनी स्वतःच जहाजावरून अटलांटिकमध्ये पडून मेला. पण दादा, तू नरिमन पॉइंटला नोकरी केलीस, ते काय सह्याद्रीवर आहे?

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळ आलं. बेट सोडायची सक्तीच होती. परतलो तर आजीच्या स्वयंपाकघरात फ्रिज आडवा, भिंतीवर मांडीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ, आणि मी दिलेली लोणच्याची बरणी पार हॉलमध्ये. बोर्नव्हिटाची, प्लास्टिकची. तरंगत गेली असणार. आत थेंबभर पाणी नाही. चिखलात उभी राहून आजी म्हणाली, "हे तरी वाचलं." (टोस्टला लावून खाते. मी बोलणं सोडलंय.) दोन आठवड्यांनी मिल्टन आलं, त्याने उलट उपसागरातलं पाणीच ओढून नेलं. आता बोला!

मग नियम. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की घर उंच करा, नाहीतर पाडा. जमीन सोन्याच्या भावाची, पण हिशेबात फक्त भिंती. सत्तर वर्षांच्या बैठ्या घराच्या भिंतींना काय भाव येणार? उंच बांधणं शहाणपणाचं आहे, ठीक. पण त्या नव्या घरांत खाली गाड्या, वर माणसं. लोणचं द्यायला गेलं तर दाराच्या कॅमेऱ्याशी बोला. आजीच्या पायरीवर येताजाता टेकता यायचं, तिथेच ती बरणी मी पहिल्यांदा दिली होती.

आजी आज आली होती. मुलीकडे असते आता. रडली वगैरे नाही, पोकलेनवाल्याला पाणी विचारलं. जाताना बरणी माझ्या हातात दिली, लख्ख घासलेली, आत पेपरमिंटच्या गोळ्या. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, असं मी कधीतरी बोलून गेले होते.

दादा, रागात लिहिलंय, सोडून दे. उद्या राडारोडा उचलायला ट्रक येणार आहे, गाडी रस्त्यावर लावू नका अशी चिठ्ठी दाराला चिकटवून गेलेत.