चाळिशीची वाट कशाला?

गुडघ्यांवरचा तुमचा लेख चांगलाय, पण त्यातलं ‘चाळिशीनंतर गुडघ्याच्या कूर्चेतल्या मूलपेशी थकू लागतात’ हे काही पटलं नाही. (कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी; मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या.) खरा बदल वाढ पुरी होते तेव्हाच घडतो. वाढत्या वयात कूर्चेच्या अगदी वरच्या थरातल्या पेशी विभागत जाऊन खालचे थर घडवतात; उंदरांच्या पिल्लांत हे स्पष्ट दिसलंय. हाडांची वाढ थांबली की ही विभागणी जवळजवळ बंद पडते. 2016 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तर जुन्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं, म्हणजे तिला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचं, वय काढलं. प्रौढपणी ते नव्याने जवळजवळ बनतच नाही, झिजेचा संधिवात झालेल्या गुडघ्यातही नाही!

हे मुद्दाम लिहितोय, कारण मालवणात फिजिओथेरपी करताना रोज एकच प्रश्न येतो. परवा मासे विकणारी एक मावशी पिशवीतून एक्स-रे आणि मुंबईच्या कुठल्याशा क्लिनिकचं चकचकीत पत्रक काढून म्हणाली, “डॉक्टरानु, ह्या मूलपेशींच्या इंजेक्शनान गादी परत भरतली मां?” पत्रकावर लहान मुलाचा गुडघा छापलेला, किंमत मात्र लाखाच्या घरात. लहानपणीच्या पेशींचं काम दाखवून साठीच्या गुडघ्याला आशा विकायची, हा धंदा तुमच्या त्या वाक्यावरच चालतो: पेशी नुसत्या थकल्यात, मग नव्या टोचल्या की झालं. इंजेक्शनाने कुणाचं दुखणं कमी होतही असेल, पण झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी उगवल्याचा भरवशाचा पुरावा नाही. मी तिला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आणि उकिडवं बसणं सोडून स्टूल घ्यायला सांगितलं. स्टूल घेतलंय. त्यावर सध्या बांगडा माशांची पाटी असते.