वाढदिवसांच्या बातम्या मी का लिहितो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांसाठीच्या माझ्या गेल्या महिन्याच्या टिपणावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचे वाढदिवस, सहली आणि कोजागरी यांतच माझे निम्मे टिपण संपते, ती जागा योजनांच्या माहितीला द्यावी. आई-वडिलांच्या निर्वाहाच्या कायद्याविषयी लिहून मी चांगल्या नांदत्या घरांत भांडणे लावतो. आणि निपाणीच्या एस.टी. प्रवासाबद्दल मी चुकीचे लिहिले, त्याचा भुर्दंड आपल्या थोरल्या बंधूंना पडला. यांतला शेवटचा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. त्याकडे शेवटी येतो.

'वाढदिवस छापायला हे काय शाळेचे हस्तलिखित आहे?' हे आपले वाक्य मला लागले, आणि खरे सांगायचे तर आवडलेही. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, हे आपल्याला सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजाने धरले, तारीख स्वतःच्या सोयीने टाकली, आणि तीच पुढे शाळेच्या दाखल्यावरून आधार कार्डावर आली. त्यामुळे जूनचे टिपण वाढदिवसांनी फुगते, हे मान्य. पण कोणाला कितवे वर्ष पूर्ण झाले हे मी हौसेखातर लिहीत नाही. ६५ पूर्ण झाले की पुरुषांना एस.टी.चे अर्धे तिकीट लागू होते (महिलांना ते मार्च २०२३ पासून वयाच्या अटीशिवाय मिळते). श्रावणबाळ योजनेचा अर्जही ६५ पासूनच करता येतो, जरी तिची वर्षाला २१,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा वाचून हसावे की रडावे हे कळत नाही. ७० पूर्ण झाले की आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि घराला आधीपासून आयुष्मानचे संरक्षण असले तरी ज्येष्ठांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय वेगळी राहते. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर मात्र ती रक्कम दोघांत मिळून असते. ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, आणि ८० पूर्ण झालेल्या केंद्र सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हणजे ज्या यादीला आपण वाढदिवसांची यादी म्हणता, ती माझ्या लेखी कोणी कोणत्या खिडकीवर जायचे याची यादी आहे. यातही एक गोम आहे. आपल्याकडे 'सत्तरावे लागले' म्हणजे एकोणसत्तर पूर्ण झाले, तर खिडकीवर सत्तर पूर्ण लागतात. एवढ्या एका शब्दापायी माणसे वर्षभर आधी हेलपाटा घालून परत येतात.

आता कट्ट्याविषयी. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत उभे आयुष्य मोल्डिंगचे काम केलेले एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यात तेथे खिन्न बसून होते. त्यांची १९९५ च्या योजनेतली पीएफची पेन्शन थांबली होती. तापल्या वाळूत आणि लोखंडात काम करून बोटांच्या रेषाच झिजल्याने हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा उठत नव्हता, नोव्हेंबरही उलटला होता, आणि आता वर्ष वाया गेले असे त्यांनी ठरवून टाकले होते. शेजारी बसलेल्या बँकेतून निवृत्त झालेल्या सद्‌गृहस्थांनी त्यांना सांगितले, की या योजनेत हयातीचा दाखला वर्षातल्या कोणत्याही महिन्यात देता येतो, दिल्या दिवसापासून तो एक वर्ष चालतो, आणि अंगठा उठत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही काम होते. मग त्याच बाकावर ते पार पडले. पहिले तीन प्रयत्न फसले, कारण रंकाळ्याच्या पाण्यावरचा उजेड त्यांच्या पाठीमागून येत होता. बाकाच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून बसवल्यावर चौथा साधला.

हीच माहिती मी त्याआधी दोन वेळा लिहिली होती, आणि आपण म्हणता तशी, सविस्तर लिहिली होती. पण त्यांच्या घरातला मोबाइल नातवाच्या हातात असतो, आणि नातवाला पीएफशी काय देणे-घेणे? म्हणून कट्टा कोठे आणि किती वाजता भरतो, सहलीला कोण गेले, कोण बरेच दिवस दिसले नाही, हे मी योजनांच्या बरोबरीने लिहितो, आणि यापुढेही लिहीन.

कायद्याच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही, तरी 'पोरांना कोर्टात खेचा' या थाटाचे शीर्षक भडक होते हे मान्य करून ते बदलले आहे. मजकूर मात्र तसाच ठेवला आहे. २००७ च्या या कायद्यानुसार साठीपुढच्या व्यक्तीला प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने दाद मागता येते, वकील देण्याची गरज नसते, आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. सुनावणीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि ती आपल्या नजरेतून सुटली असावी. मी ज्या परिच्छेदावर सर्वांत अधिक वेळ घालवला तो कलम २३ चा होता. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देताना 'सांभाळ करीन' ही अट त्या कागदातच लिहून घ्यावी, कारण पुढे सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची वाट त्या अटीवरून जाते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावला हे खरे, पण बक्षीसपत्र लिहिण्यापूर्वी तोंडाने एक वाक्य काढायचा संकोच केल्यामुळे म्हातारपणी निकालाची वाट पाहत बसावे लागणे मला पटत नाही. ज्या घरात प्रेम आहे तेथे ती ओळ निमूट पडून राहील. ज्यांना प्रांत कार्यालयाची पायरीच चढायची नाही, त्यांनी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात लावून आधी नुसते बोलून घ्यावे.

राहिली निपाणी. 'कोल्हापूरहून निपाणीपर्यंत मोफत' असे मी लिहिले, ते चूक होते. सवलत एस.टी.ची असली तरी ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे. कागल सोडून हद्द ओलांडली की पुढच्या टप्प्याचे पैसे द्यावे लागतात, त्यामुळे वाहकाने आपल्या बंधूंकडून ते घेतले यात त्याचा काही दोष नव्हता. आपल्या भागातल्या कित्येक लेकी निपाणी, चिकोडी, बेळगावला दिल्या आहेत, तेव्हा ही चूक लहान नाही. टिपणात दुरुस्ती केली आहे, आणि एस.टी.ची ही सवलत महापालिकेच्या केएमटी बसला लागू नाही हेही तेथेच जोडले आहे. बंधूंना झालेल्या मनस्तापाबद्दल त्यांची माझ्या वतीने क्षमा मागावी.

आपल्याला ७४ पूर्ण झाल्याचे आपण प्रतिक्रियेत लिहिले आहे. आधार कार्डावरची तारीख १ जूनच असेल तर तेवढे कळवावे, म्हणजे पुढच्या यादीत नाव घालता येईल.