तारीख वाढली की वकिलाचं ऑफिस चालतं? हिशोब मांडून बघू

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वकिलीला भांडवल लागत नाही, दर तारखेला पैसे मिळतात म्हणून वकील केस लांबवतात, प्रामाणिक असतील तर त्यांनी जिंकल्यावरच टक्केवारीने फी घ्यावी. ठाण्यात कोर्टनाक्याजवळ माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. मेसेज तिसऱ्यांदा आला, तेव्हा उत्तर द्यायचं ठरवलं.

टक्केवारीचं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात संपतं. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार काउन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत मनाई आहे, आणि हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच म्हटलंय. नियम मला पटतो. निकालात माझा हिस्सा असेल, तर तडजोड करा की लढा, हा सल्ला मी तुमचं हित बघून देईन याची खात्री काय?

"भांडवल लागत नाही." जागेचं भाडं, क्लार्कचा पगार, टायपिंग, झेरॉक्स हे दर महिन्याला ठरलेलं. शहरातल्या ज्युनिअर वकिलाला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत असं बार काउन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं. रक्कम जड जाते, पण योग्य आहे. फुकट राबलेली मुलं शेवटी वकिली सोडून जातात. वर, वकील नसलेल्या कुणाशीही फीची वाटणी करता येत नाही, म्हणजे गुंतवणूकदार आणायची सोय नाही. जाहिरातही करता येत नाही. जे घालायचं ते स्वतःच्या खिशातून.

आता तारखांचं. दर तारखेला पैसे घेणारे वकील आहेत, हे मी नाकारत नाही. पण आमच्यासारख्या लहान ऑफिसांत बहुतेक कामं ठरवून घेतलेल्या फीवर चालतात: निम्मी सुरुवातीला, उरलेली पुढे. समजा, चेक बाऊन्सच्या केसची फी ३०,००० ठरली. ८ तारखांत निकाल लागला तर तारखेमागे ३,७५० पडतात. २४ तारखा झाल्या तर १,२५०. त्यात बेलापूर कोर्टातलं मॅटर असेल, तर ज्युनिअर सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडतो, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत, नंबर येईपर्यंत थांबतो, आणि बऱ्याचदा नवी तारीख डायरीत लिहून परततो. दिवस गेला, फी वाढली नाही. तोवर अशील कंटाळलेला असतो, उरलेले पैसे मागायला मलाच अवघड वाटतं.

मग उशीर का होतो? चेकची केस सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा, असं कायदाच सांगतो. पण घोडबंदर रोडला अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा आरोपी घर बदलतो आणि समन्स 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येतं. नवा पत्ता शोधा, पुन्हा समन्स काढा, पुन्हा वाट बघा. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी बोर्डावर इतकी मॅटर्स की आपला पुकाराच होत नाही. आणि हो, कधी समोरचा वकील मुद्दाम मुदत मागतो. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. तिथे आपण हरकत घेऊन समोरच्याकडून खर्च मागितलाच पाहिजे. जो वकील ते करत नाही, त्याला जाब विचारा.

मेसेज पुढे पाठवण्याआधी आपल्या केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका. कोणत्या तारखेला काय झालं याची नोंद तिथे दिसते. ती घेऊन वकिलाच्या ऑफिसात जा, आणि फी टप्प्याटप्प्याने किती, हे त्याच बैठकीत लिहून मागा.