घरातलं सगळ्यात नाजूक पोट

आमच्या घरात सहा माणसं, पाच ढोरं आणि एक गोबरगॅस असा खटला आहे. त्यात सगळ्यात नाजूक पोट गोबरगॅसचं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बीपी असून लोणचं चालतं, आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, शुगर असून सणाला पुरणपोळी चालते, पण गॅसचं पथ्य म्हणजे पथ्य. शेण ताजं पाहिजे, पाणी शेणाइतकंच पाहिजे. काडी नको, माती नको, साबणाचं पाणी तर नकोच नको. आणि जेवण रोज पाहिजे. घरात एकादशीला साबुदाणा असतो, याला त्या दिवशीही शेणच.

वरुड तालुक्यात आमचं गाव. घरामागे कोठा आणि कोठ्यामागे जमिनीत पुरलेला विटांचा घुमट. दीनबंधू म्हणतात त्या मॉडेलला, १९८४ साली निघालेलं. आमचा दोन घनमीटरचा आहे, म्हणजे त्याला दिवसाला ५० किलो शेण लागतं. एक जनावर १० किलोच्या आसपास देतं, तेही दिवसभर कोठ्यात बांधून ठेवलं तर. आमची गुरं गायकी रानात नेतो आणि अर्धा माल तिकडेच पडतो. आत्याबाईंना हे बघवत नाही. "आपल्या गायीनं खायचं आपलं कुटार अन् शेन द्यायचं जंगलाले?" असं म्हणत त्या घमेलं घेऊन आखरापर्यंत, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात तिथपर्यंत, गुरांच्या मागे जातात. एकदा दुसऱ्याच्या म्हशीवरून तिथे भांडण झालं. म्हैस कोणाची यावर वाद नव्हता.

पहिली भरणी हा वेगळाच सोहळा होता. आत गेलेलं शेण चाळीसेक दिवस पचत राहतं, त्यामुळे सुरुवातीलाच दोन टन शेण ओतावं लागतं. गवंड्यानं हे सांगितलं तेव्हा आमचे हे नुसते हसले. मग गावभर बैलगाडी फिरली. कालपर्यंत फुकट जाणाऱ्या शेणाच्या पोटीला एकदम भाव आला. लोक पुढे अडचणीत आम्ही कामाला येऊ म्हणून शेणाचे उपकार करून ठेवू लागले. यांच्या एका मित्रानं अर्धी गाडी शेण दिलं होतं, त्याची परतफेड म्हणून त्याच्या बहिणीच्या लग्नात आम्ही वाढपी होतो.

भरणी झाली, दिवस गेले, आणि एकदाचा पाइपातून फुस्स आवाज आला. शेगडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, शेजारणी जमल्या. मामाजींनी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली. माझे दीर बी.एस्सी. झालेले आहेत. ते दारातून म्हणाले, "पहिल्या गॅसमधी कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो सोडून द्या लागते." "मंग नारळ फोडाच्या आधी काऊन नाई सांगतलं?" आत्याबाई म्हणाल्या. भाऊजींचं ज्ञान नेहमी असंच नारळ फुटल्यावर येतं.

ज्ञान मात्र खरं असतं, हे मान्य करायला पाहिजे. त्यांच्यामुळेच आम्हाला कळलं की आत दोन जातींचे जिवाणू असतात. एक शेण आंबवून आम्ल करतात, दुसरे ते आम्ल खाऊन मिथेन सोडतात. पहिले धडाक्यानं काम करतात, दुसरे सावकाश. आणि दुसऱ्यांना हवा लागली की ते मरतात. दोघांचं जमलं तर गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन, निळी ज्योत आणि भांड्याला काजळी नाही. नाही जमलं तर चूल, पऱ्हाट्या आणि डोळ्यांना पाणी. हे सगळं भाऊजी खुर्चीवर बसून सांगतात.

शेण मी कालवते. सकाळी हौदात घमेलं उपडं करायचं, पाणी ओतायचं आणि कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या फोडायच्या. बोटांना तुरीच्या काड्या लागतात, न पचलेली सरकी लागते, एकदा मुलाची गोटी लागली होती. काड्या वेचून काढायच्या, नाहीतर आत वर तरंगून जाड साय धरते आणि गॅस खालीच अडकतो. मग बोळा उपसला की हिरवा लोंढा गुळगुळ करत आत जातो. डिसेंबरच्या थंडीत हे काम करताना कोणी "अक्षय ऊर्जा" म्हटलं, तर तोच हात त्याच्या पाठीवरून फिरवावासा वाटतो.

शेजारच्या काकूंकडे जुना, लोखंडी टाकीचा गॅस आहे. भरला की टाकी वर येते, संपला की खाली बसते. त्यामुळे त्यांच्याकडे चहा मिळेल की नाही हे रस्त्यावरूनच कळतं आणि माणूस आपली इज्जत राखून पुढे जातो. ज्योत मंद झाली की काकू टाकीवर दगड ठेवतात. पुरण शिजत नव्हतं तेव्हा नातवाला उभं केलं होतं. आमचा घुमट जमिनीखाली, त्याच्या मनात काय आहे ते फोडणीत मोहरी टाकल्यावरच कळतं.

पोळ्याच्या दिवशी असंच झालं. ओसरीवर जावई, कढईत पुऱ्या, आणि ज्योत उड्या मारायला लागली. फक, फक, आणि गेली. गॅसबरोबर वाफ येते, तिचं पाइपात पाणी होतं आणि ते वाट अडवतं. सखल जागी एक तोटी असते, ती उघडून पाणी काढायचं असतं. तोटी कुठे आहे हे गवंड्याला माहीत होतं. ती कुटाराच्या ढिगाखाली सापडेपर्यंत जावयांनी श्रीखंड नुसतंच खाल्लं.

पण खरा पेच आला संत्र्यांच्या तोडीत. मजुरांचं जेवण, पाहुणे, उरलेला भात, वरण, बुंदी, आणि टोपल्याच्या टोपल्या संत्र्याची सालं. भाऊजींनी कुठेतरी ऐकलं होतं की खरकट्यापासून शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस मिळतो. तेही खरंच आहे. पण त्यांनी रात्रीतून सगळं एकदम आत ढकललं. तिसऱ्या दिवशी ज्योत निम्मी झाली, मग गेलीच. घुमटाला आम्लपित्त झालं होतं. भात झटपट आंबतो, आम्ल साचतं आणि मिथेनवाले हात टेकतात. शिवाय संत्र्याच्या सालीत जे तेल असतं त्यानं हे जिवाणू मरतात, हे भाऊजींनी सांगितलं. अर्थात नंतर.

"संत्र्याचे फोतरं कोनं टाकले?" आत्याबाईंनी विचारलं. घरात एकच माणूस एकदम मोबाइल पाहायला लागला.

मग गॅसला लंघन. खाणं बंद, थोडं चुन्याचं पाणी, नंतर थोडं थोडं ताजं शेण. आत्याबाई रोज जाऊन झाकणापाशी उभ्या राहायच्या आणि "आज कसं वाटते?" अशा चेहऱ्यानं पाहायच्या. माझ्या डोहाळ्यांत एवढी विचारपूस झाली नव्हती.

संडास जोडला तर गॅस वाढेल, ही भाऊजींची पुढची सूचना. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या गॅसवर दिवे लागत होते, असा दाखलाही त्यांनी दिला. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिव्यावर त्याहीनं नैवेद्य शिजवला होता काय?" विषय तिथेच संपला.

यंदा भाऊजींसाठी मुलगी पाहायला आम्ही मोर्शीला गेलो. मामाजींनी शेती सांगितली, संत्र्याची झाडं सांगितली, आणि शेवटी हुकमाचं पान टाकल्यासारखं सांगितलं, "घरी गोबरगॅस हाय." भाऊजींनी लगेच मिथेन सुरू केलं. मुलीनं ते पूर्ण होऊ दिलं. मग चहाचा ट्रे खाली ठेवत विचारलं, "शेन कोन कालवते?"

कोणी बोलेना. मी पदर सावरून कोपरापर्यंतचा हात दाखवला.

सोयरीक जुळली. साक्षगंधाच्या दिवशी देण्याघेण्याची याद झाली, तेव्हा मुलीकडच्यांनी हुंडा, मानपान काही नको म्हणून लिहवलं आणि शेवटी एक ओळ वाढवून घेतली: सकाळचं शेण नवरदेवाकडे. मामाजींनी सही केली. आत्याबाईंनी आमच्या ह्यांनाही सही करायला लावली, म्हणाल्या, "साक्षीदार पायजे. हा पलटते."