कुलूप बदला म्हटलं की आमचं टाइमटेबल विचारतात

डोकं फिरलंय त्यामुळे जसं सुचतंय तसं टाइप करतेय, सांभाळून घ्या. बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या आजूबाजूला, फतेगंज, सयाजीगंज, प्रतापगंज त्या पट्ट्यात जे कोणी भाड्याने राहतायत त्यांनी जरा सांगा, तुमच्या फ्लॅटची चावी एकूण किती जणांकडे आहे? नाही सांगता येणार. आम्हालाही येत नव्हतं आणि मालकाला तर अजिबातच येत नाही.

बघा ना, ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं, कारण वर्षाच्या वर गेलं की रजिस्टर करावं लागतं आणि ते कोणालाच नको असतं. म्हणजे दर वर्षी पोरं बदलणार. प्रत्येक जण फुटपाथवरच्या चावीवाल्याकडून एकेक डुप्लिकेट करून घेतो, तो काही विचारत नाही घर कोणाचं, चावी दाखवली की घासून देतो. मग एक चावी कामवाल्या मावशींकडे, एक दलालाकडे कारण त्याला फ्लॅट ‘दाखवायचा’ असतो, एक कोणाच्यातरी बॉयफ्रेंडकडे. माणसं जातात, चाव्या राहतात, आणि कुलूप तेच्या तेच. रंग मात्र नवा हां, कारण रंगाचे पैसे आधीच्यांच्या डिपॉझिटमधून कापलेले असतात.

तर झालं असं की माझी रूममेट दुपारी अंघोळ करून बाहेर आली आणि हॉलमध्ये एक अनोळखी मुलगा उभा. दार फोडलं नाही, काही नाही, चावीने उघडून आत आलेला. आमच्या आधी राहायचा म्हणे. माळ्यावर त्याची गादी राहिली होती ती न्यायला आला होता. गादी! बेल वाजवली म्हणे पण कोणी उघडलं नाही म्हणून आला. ती पोरगी जळगावहून इथे एमएस्सीला आलीये, घरी आधीच दोन काका ‘एवढ्या लांब कशाला’ म्हणत बसलेत, तिने घरी सांगितलंसुद्धा नाही कारण सांगितलं की दुसऱ्या दिवशी बाप गाडी घेऊन सामान न्यायला हजर. आणि ११२ लावून तरी काय सांगणार होतो, चोर नाहीये साहेब, गादीवाला आलाय?

मालकांना फोन केला. मालक मराठी आहेत, दांडिया बाजारातलं जुनं घर, फ्लॅट देताना केवढं कौतुक, ‘आपल्याच मुली आहेत, आपल्या माणसांनाच देतो मी.’ तेच काका आता काय म्हणाले, ‘अगं बेटा, चांगल्या घरचा आहे तो, ओळखतो मी त्याला.’ अहो काका तुम्ही ओळखता, आम्ही ओळखतो का? आणि त्यावर पुढचं वाक्य, जे ऐकून माझ्या मस्तकात गेलं, ‘तुम्ही आतून कडी का नाही लावलीत?’ म्हणजे चूक कोणाची तर जी घरात होती तिची!

मी शांतपणे म्हटलं ठीक आहे, लॉक बदलून द्या. तर त्यावर उत्तर काय? ‘तुम्ही रात्री किती वाजता येता हल्ली?’

काय संबंध?? कोणी सांगेल का मला? दुपारी घरात चावीने माणूस घुसला आणि चर्चा आमच्या रात्रीच्या वेळेची. दोन दिवसांत सोसायटीच्या बोर्डावर नोटीस. भाडूत मुलींनी १० पर्यंत आत यावं, जेन्ट्स व्हिजिटर अलाऊड नाही. सेक्रेटरी वर म्हणतात ‘बेन, तमारा माटे ज छे.’ आमच्यासाठीच का? लायब्ररीत बसलं, लॅबचं काम लांबलं की साडेदहा होतातच. आणि याच सोसायटीत नवरात्रीत कंपाउंडमध्ये मध्यरात्रीपर्यंत गरबा, गेट सताड उघडं, कोण येतंय कोण जातंय बघायला वॉचमनसुद्धा नाही कारण तोही गरबाच बघत असतो. उत्तरायणला तर विचारूच नका, दोन दिवस गच्चीचं दार उघडं आणि अख्ख्या गल्लीची पोरं आमच्या जिन्यावरून वर-खाली. तेव्हा सिक्युरिटी नाही आठवत कोणाला.

कॅमेरा आहे ना, म्हणतात. आहे. चार आहेत. पण त्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, खाली वॉचमनच्या केबिनमध्ये होता आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं त्यात तो बुडाला, तेव्हापासून कॅमेरे नुसते टांगलेले आहेत. हे आम्हाला फुटेज मागायला गेल्यावर कळलं. मेंटेनन्स मात्र बुडालेलं नाही, ते दर महिन्याला बरोब्बर येतं.

आणि ते गेटवरचं रजिस्टर! बाहेरून येणाऱ्याने नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल लिहायचा. आम्ही राहायला आलो तेव्हा आम्हालाही लिहायला लावलं. ते रजिस्टर दिवसभर स्टुलावर उघडं पडलेलं असतं, येणारा प्रत्येक डिलिव्हरीवाला वाचू शकतो की अमुक मजल्यावर तीन मुली राहतात आणि हे त्यांचे नंबर. माझ्या मैत्रिणीला ‘हाय’ वाले मेसेज सुरू झाले ते बहुतेक तिथूनच, सिद्ध नाही करता येणार पण मला खात्री आहे. पार्सलच्या खोक्यांवरचे नाव-नंबरचे लेबल आम्ही आता फाडून टाकतो, पण रजिस्टर फाडता येत नाही ना.

बरं दार तरी कसलंय. जुनं नाईट लॅच. त्याची जीभ तिरकी असते, दार नुसतं ओढून घेतलं आणि लॅच जुनं, झिजलेलं असेल तर प्लास्टिकचं कार्ड सरकवूनही ती मागे जाते, किल्ली फिरवून डबल लॉक केलं तरच खरं बंद. वरची साखळी एवढ्याशा स्क्रूंवर, एक लाथ बसली तर साखळी हातात येईल. डोअर आयवर मागच्या रंगकामात रंग मारून ठेवलाय म्हणजे आंधळ्याचा डोळा. आणि जाळीचा सेफ्टी डोअर आहे त्याला कडीच नाही! किचनच्या खिडकीबाहेर डक्ट, त्यातून पाइप वर गेलेत, ग्रिल नाही, ‘हवा येते’ म्हणून नाही.

मग मी म्हटलं भांडायचं तर वाचून भांडू. केंद्राने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी ॲक्ट काढलाय, मॉडेल म्हणजे राज्याने स्वीकारला तर लागू, पण त्यात काय लिहिलंय बघा, मालकाला आत यायचं असेल तर २४ तास आधी लेखी किंवा मेसेजने कळवायचं, आणि सूर्योदयाआधी-सूर्यास्तानंतर यायचं नाही. आमचे काका? हातात चावी, तोंडात ‘कोणी आहे का’, आणि पाय आधीच हॉलमध्ये. गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या यादीत दाराची कुलुपं बदलणं हे भाडेकरूच्या खर्चात टाकलंय. चला, मान्य, करतो आम्ही खर्च. तर काका म्हणतात दाराला हात लावायचा नाही, भोकं पडतात. म्हणजे ते बदलणार नाहीत आणि आम्हीही बदलायचं नाही.

पोलिसांच्या भाडेकरू नोंदणीचंही तसंच. कमिशनरचा जाहीरनामा, म्हणजे आदेश, असतो, मालकाने भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्यायची, नाही दिली तर भारतीय न्याय संहितेच्या २२३ कलमाखाली केस होऊ शकते, म्हणून आमची आधार कार्डं, फोटो, आईबाबांचे नंबर सगळं पहिल्याच दिवशी घेतलं. आमच्यापासून जगाला धोका असेल तर बंदोबस्त पक्का आहे. जो सोडून गेला त्याने चाव्या परत दिल्या का हे मात्र कोणी विचारत नाही.

आत्या प्रतापगंजला राहते, ती ऐकून म्हणाली, ‘तू परवानगी मागत बसलीस तर पुढची बॅच येईल, आधी बदल मग सांग.’ ६८ वर्षांची बाई आहे, एवढ्या सगळ्यांत अक्कल तिच्याकडे निघाली. आम्ही तिघींनी पैसे काढले, चावीवाल्या भाईंना घरी बोलावलं, जुन्याच मापाचं नवीन लॉक बसवून घेतलं, एकही नवीन भोक नाही, फोटो आधीचा आणि नंतरचा दोन्ही काढून ठेवलेत. सेफ्टी डोअरला कडी बसली. डोअर आयवरचा रंग नेलपॉलिश रिमूव्हरने निघाला.

आता काका रोज फोन करतायत, ‘एक चावी माझ्याकडे हवी.’ मी म्हटलं कशासाठी ते मेसेजवर लिहून पाठवा, आणि यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, आम्ही दार उघडू. अजून मेसेज आलेला नाही, पण लॉकचे पैसे डिपॉझिटमधून कापीन अशी धमकी आलीये. कापा म्हणावं, कोणत्या नियमाने ते पण लिहून द्या. जुनं लॉक पिशवीत घालून ठेवलंय, फ्लॅट सोडताना त्यांचं त्यांना परत करीन. आणि त्या गादीवाल्याची चावी अजून त्याच्याचकडे आहे, काकांना त्याच्याकडून परत घ्यायला सांगितलं तर म्हणे, ‘अगं कशाला त्याला वाईट वाटेल.’